कुत्र्याची खाज नेमकी कशाची? पिसवा, गोचीड, खरूज, यीस्ट – माहिती आणि प्रश्नोत्तरं

माळरान

पावसाळा लागला की "कुत्रा सारखा खाजवतोय, काय लावू?" असा नवा धागा दर आठवड्याला निघतो आणि त्याखाली कडुलिंबापासून जळक्या ऑईलपर्यंत सगळं सुचवून होतं. सगळं एका जागी सापडावं म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी प्रमाणासकट लिहा. "आमच्या शेजाऱ्यांच्या मोतीला गुण आला" एवढ्यावर कुणाचं भागत नाही.

'काय लावू' विचारायच्या आधी 'कुठे खाजवतो' ते बघा. जागेवरून निम्मं निदान होतं.

शेपटीचं बूड, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू कुरतडत असेल तर आधी पिसवांचा संशय घ्या. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे घोटे आणि पोटाखाली विरळ केसांच्या जागी खपल्या, शिवाय रात्रंदिवस खाज, म्हणजे खरूज. पंजे चाटणं, बगला, जांघा आणि कानाच्या आत लाली असेल तर अ‍ॅलर्जी, आणि तिच्या मागोमाग येणारं यीस्ट, म्हणजे कातडीवरची एक बुरशी. वर्षाच्या आतलं पिल्लू, डोळ्याभोवती किंवा ओठांच्या कडेला केस गेलेले, पण खाज जवळजवळ नाही, तर डेमोडेक्स, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारा सूक्ष्म किडा. गोल चट्टा दिसला की सगळे 'नायटा' म्हणून मोकळे होतात, पण कुत्र्यात गोल चट्टे जिवाणूंमुळे जास्त वेळा उठतात. त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

पिसवा डोळ्यांना दिसल्या नाहीत म्हणजे नाहीत, असं समजू नका. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते तो स्वतःच चावून चावून त्या गिळतो, त्यामुळे अंगावर एकही सापडत नाही. उवांची बारीक फणी घ्या, कंबरेपासून शेपटीपर्यंत कातडीला टेकवून विंचरा. फणीत जी काळी भुकटी येईल ती ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि दोन मिनिटं थांबा. भुकटीभोवती लालसर तपकिरी रंग सुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर असा रंग सुटत नाही. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा, फणीत आलेली पिसू लगेच त्यात बुडवा. हवेत उडवली तर ती परत सोफ्यावरच जाणार.

आता मुख्य मुद्दा. कुत्र्यावर दिसतात त्या प्रौढ पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा जेमतेम ५ टक्के भाग. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात. मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते, ती चिकट नसतात, कुत्रा जिथे झोपतो तिथे गळतात. अळ्या उजेड टाळतात, म्हणून सोफ्याखाली, गोणपाटाच्या घडीत, शहाबादी फरशीच्या फटीत शिरतात आणि प्रौढ पिसवांची विष्ठा खाऊन वाढतात. मग कोष. कोषाला धूळ चिकटलेली असते आणि त्यावर कुठल्याच फवाऱ्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. २५-२७ अंश आणि भरपूर दमटपणा, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट, असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंत तीन-चार आठवडे पुरतात. उलट कोषातली पिसू काही महिने आत दबा धरून राहू शकते. बंद घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी पायांना पिसवा डसतात त्या याच.

त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन काही होत नाही. पिसवांचं युद्ध निम्मं कुत्र्यावर आणि निम्मं घरात लढायचं, सलग तीन महिने, मध्ये महिना न चुकवता.

उंबरठा

छान धागा. एक प्रश्न. कुत्रीला पिसवांवरची चघळायची गोळी देऊन दोन आठवडे झाले, तरी रोज एक-दोन पिसवा दिसतात. दुकानदार म्हणतो, दुसऱ्या कंपनीची घ्या. बनावट माल असेल का?

माळरान

@उंबरठा, बहुतेक माल बनावट नाही. जुने कोष अजून फुटताहेत. नवी पिसू कुत्रीवर उडी मारते, चावते आणि काही तासांत मरते. तेवढ्या वेळात ती तुम्हाला दिसते. दिसणाऱ्या पिसवा लहान, काळपट आणि सपाट आहेत की तपकिरी, पोट फुगलेल्या, ते बघा. लहान काळपट म्हणजे नुकत्याच बाहेर आलेल्या, औषध काम करतंय. फुगलेल्या सापडल्या तर मात्र विचार करायला हवा : गोळी उलटून गेली का, वजनाचा गट चुकला का, घरातल्या दुसऱ्या प्राण्याला औषध द्यायचं राहिलं का.

कोष लवकर फुटावेत यासाठी घर झाडत राहायचं. हादरा, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की पिसू कोषातून बाहेर येते. म्हणून पहिले दोन आठवडे रोज व्हॅक्यूम, सोफ्याच्या सांध्यातून, पलंगाखालून, गाडीच्या मागच्या सीटवरून. डबा लगेच घराबाहेर रिकामा करायचा. व्हॅक्यूम नसेल तर खराट्याने फटी झाडून ओल्या फडक्याने पुसायचं. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा ६० अंशाच्या पाण्यात. मशीनला तेवढी सोय नसेल तर कढत पाण्यात भिजवून कडक उन्हात. अंथरूण उचलताना चार कोपरे आत दुमडून गुंडाळायचं, झटकत न्हाणीघरापर्यंत नेलं तर वाटेभर अंडी पडतात.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणार असाल तर एकच प्रश्न विचारा : "अळ्यांची वाढ थांबवणारं औषध आहे का? पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन?" नुसतं प्रौढ पिसवा मारणारं फवारलं तर महिन्याने पुन्हा बोलावणं येतं.

तिठा

फिप्रोनिल या कीटकनाशकाच्या फवाऱ्याबद्दल लिहितो, कारण 'फवारा लागू पडत नाही' या तक्रारीत दहापैकी आठ वेळा औषध कमी पडलेलं असतं.

०.२५ टक्के फिप्रोनिल स्प्रेचं प्रमाण किलोमागे ३ ते ६ मिलि. १० किलोच्या कुत्र्याला ३० ते ६० मिलि! १०० मिलिच्या बाटलीचा एक दाब म्हणजे साधारण अर्धा मिलि, म्हणजे किलोमागे ६ ते १२ दाब. लोक चार फुसके मारतात आणि औषधाला नावं ठेवतात. दाट, लांब केसांच्या कुत्र्याला वरचं प्रमाण. २५० मिलिच्या बाटलीचा एक दाब दीड मिलिचा असतो, मोठ्या कुत्र्याला तीच परवडते.

हातमोजे घाला, केसांच्या उलट दिशेने हात फिरवत १०-२० सेंमीवरून फवारा, आणि कातडी ओली होईपर्यंत चोळा. तोंडाला थेट मारू नका, मोज्यावर घेऊन लावा. वाळेपर्यंत चाटू देऊ नका. त्यात अल्कोहोल असतं, तेव्हा गॅस, उदबत्ती, देवघरातली समई या सगळ्यापासून लांब, उघड्या गॅलरीत. आधी आणि नंतर ४८ तास आंघोळ नाही. हे ४८ तासांचं बंधन मानेवर टाकायच्या थेंबांनाही आहे, कारण औषध कातडीतल्या तेलातून पसरतं. शाम्पूने तेल धुऊन काढून लगेच थेंब टाकले तर ते पसरणार कशातून?

थेंब टाकताना दोन खांद्यांच्या मध्ये केस दुभंगून कातडी दिसली पाहिजे. केसांवर ओघळलेलं औषध फुकट गेलं.

आणि घरात मांजर किंवा ससा असेल तर लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. कुत्र्यासाठीच्या पर्मेथ्रिनच्या थेंबांनी मांजर झटके येऊन मरू शकतं, नुकत्या थेंब टाकलेल्या कुत्र्याला चाटलं किंवा बिलगून झोपलं तरी. फिप्रोनिल सशाला कधीही नाही.

वऱ्हाडपाणी

आमच्याकडे अकोल्याच्या उन्हाळ्यात पिसवांचा त्रास आपोआप कमी होतो. अळ्यांना किमान ५० टक्के तरी दमटपणा लागतो, ३५ अंशांच्या वर त्या टिकत नाहीत. तेव्हा आमचा शत्रू गोचीड, आणि पिसवांचे नियम गोचिडांना लावून चालत नाहीत.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड तीन वेळा कुत्र्यावर चढते आणि तीन वेळा उतरते. अंड्यातून निघालेली सहा पायांची बारीक पिल्लं रक्त पितात, उतरून भिंतीच्या फटीत कात टाकतात, पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात. शेवटी राखाडी, टम्म फुगलेली मादी उतरते आणि कोपऱ्यात काही हजार अंडी घालून मरते. ही गोचीड वर चढते, हे लक्षात ठेवा. लोक फरशी पुसून घेतात आणि ती मात्र स्विचबोर्डामागे, दाराच्या चौकटीत, फोटोच्या मागे, छताच्या कोपऱ्यात बसलेली असते. टॉर्च घेऊन रात्री बघा.

भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. फवारणीइतकाच उपयोग याचा होतो, आणि एकदा केलं की झालं. कुत्र्याच्या खोपटात गोणपाट आणि लाकडी फळ्यांऐवजी पुसता येईल असं काहीतरी घाला. अंगणात डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन फवारायचं तर लेबलवर जागेसाठी लिहिलेलं प्रमाण घ्या, जनावराच्या अंगासाठीचं वेगळं असतं. माशांची टाकी झाका, मांजर बाहेर काढा, वाळल्याशिवाय कुत्रा आत नको. १०-१४ दिवसांनी पुन्हा फवारा, अंडी पहिल्या फेरीत मरत नाहीत.

गोचीड काढायची रीत : टोकदार चिमट्याने कातडीला लागून तोंडाजवळ पकडायची, पोटाला नाही, आणि एकसारख्या जोराने सरळ वर ओढायची. पिळायची नाही, काडीचा चटका द्यायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही. चिडली की ती जखमेत ओकते आणि रोगाचे जंतू त्यातूनच आत जातात. निघाली की स्पिरिटच्या बाटलीत. बोटांनी चिरडणं किंवा अंगठ्याखाली फोडणं बंद करा, पोरांना तर अजिबात करू देऊ नका. कानाच्या पाळीची घडी, पंजाच्या बोटांमधली जागा, पट्ट्याखाली मान आणि शेपटीखाली, या चार जागा रोज चाचपायच्या.

सुपारीफूल

घरगुती उपायांचं मी लिहिते, कारण कोकणात तेच आधी होतात.

सीताफळाच्या बियांची पूड : उवांवरचा जुना उपाय, म्हणून कुत्र्यालाही चोळतात. डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि कुत्रा अंग झाडणारच. नको. तंबाखूचं पाणी : निकोटिन कातडीतून शोषलं जातं आणि चाटल्यावर पोटातूनही जातं. लाळ, उलट्या, थरथर. नको. मुंग्यांचा खडू अंगावर ओढणं : त्यात डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं, प्रमाणाचा पत्ता नाही. नको. फिनेल, डेटॉल, रॉकेल, डिझेल, जळकं इंजिन ऑईल : यांनी कातडी भाजते आणि चाटून पोटात जातं ते वेगळंच. कुणी आधीच ऑईल फासलं असेल तर भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवा, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला आणि डॉक्टर गाठा. ऑईल काढायला पेट्रोल-टर्पेंटाइन वापरू नका. कापूर तेलात घालून लावणं : कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. 'पिसवा लागत नाहीत' म्हणून लसूण खायला घालणं : कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

हळद निरुपद्रवी आहे, पण उजळ रंगाचा कुत्रा पिवळा होतो आणि लाली झाकली जाते, मग डॉक्टरांना काही दिसत नाही. :-)

परसदार

सरसकट सगळं मोडीत काढू नका हो. कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने शेवटची आंघोळ घालतात, त्यात काय वाईट? करंज तेलही गुरांना वर्षानुवर्षं लावतात.

सुपारीफूल

@परसदार, पाल्याच्या पाण्याला माझी हरकत नाहीच. कोमट करून गाळून ओतलं तर कातडीला थोडं बरं वाटतं. त्याने गोचीड मरत नाही, एवढंच. 'नैसर्गिक उपाय चालू आहे' म्हणत महिना घालवला आणि तेवढ्यात गोचीड ताप झाला, असं होऊ नये. करंज किंवा कडुलिंबाचं तेल मात्र नुसतं लावू नका. कुत्रा गुरासारखा नाही, तो स्वतःला चाटून साफ करतो. शिवाय तेलकट कातडीवर धूळ बसते, पावसाळ्यात यीस्टला आयतं निमंत्रण.

तिठा

आता लूत. गावात केस गेलेल्या प्रत्येक कुत्र्याला 'लूत लागली' म्हणतात, पण त्यात दोन वेगळे किडे आहेत आणि दोघांचा हिशेब वेगळा.

खरजेचा किडा कातडीत बोगदे करतो, भयंकर खाज, इतर कुत्र्यांना लागतो आणि माणसालाही हातावर-पोटावर लाल पुळ्या उठवतो. माणसावर तो फार काळ नांदत नाही, कुत्रा बरा झाला की आपलं अंगही काही आठवड्यांत निवळतं. घरी करता येण्याजोगी एक खूण : कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून पाचेक सेकंद चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरजेचा संशय बळकट. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तरी किडा दिसेलच असं नाही, म्हणून रिपोर्ट कोरा आला तरी डॉक्टर उपचार सुरू करतात. ते चूक नाही. घरातले सगळे कुत्रे एकाच दिवशी उपचारावर घ्या.

डेमोडेक्स प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी थोडा असतोच, आईकडून पहिल्या काही दिवसांत आलेला. तो लागण होऊन पसरत नाही. प्रतिकारशक्ती ढिली पडली की वाढतो. पिल्लाच्या चेहऱ्यावर दोन-तीन चट्टे असतील तर बहुतेक वेळा आपोआप जातात. अंगभर पसरला, कातडी जाड-लाल झाली, पू आला तर मात्र महिनोन्महिने लागतात. तपासणीत कातडी चिमटीत दाबून, किंचित रक्त येईपर्यंत खरवडावी लागते, वरवर खरवडून तो सापडत नाही. केस आले म्हणून औषध थांबवू नका. महिन्याच्या अंतराने दोन तपासण्या कोऱ्या आल्या की थांबायचं.

पूर्वी यावर अमिट्राझ हे अंगाला लावायचं कीटकनाशकच एक मोठा आधार होता आणि आजही स्वस्त म्हणून चालतं. १२.५ टक्केवालं द्रव असेल तर गोचिडांसाठी लिटरला २ मिलि, डेमोडेक्ससाठी लिटरला ४ मिलि. याहून जास्त घातल्याने लवकर गुण येत नाही, कुत्रा मात्र गुंगतो. केस कापून, आधी शाम्पूने खपल्या काढून, अंग टिपून कोरडं करून मग स्पंजने लावायचं. डोळ्यांत मलम. धुवायचं नाही, वाऱ्यावर वाळू द्यायचं, तोपर्यंत गळ्यात कोन. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर 'पुढच्या रविवारी होईल' म्हणून बाटलीत भरून ठेवायचं नाही. मधुमेही कुत्रा, चार महिन्यांखालचं पिल्लू, गाभण कुत्री, चिहुआहुआ आणि मांजर यांना अमिट्राझ नाही. लावल्यावर कुत्रा डोलायला लागला, नाडी मंदावली, अंग गार पडलं तर लगेच धुऊन दवाखान्यात न्या, यावर उतारा असतो.

उंबरठा

मेडिकलवाला म्हणाला की गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की पिसवा, गोचीड, लूत सगळं एका दमात जातं?

तिठा

@उंबरठा, नाही! पिसवांवर त्याचा उपयोग नाही, गोचिडांवर भरवशाचा नाही. खरजेवर आहे, पण डॉक्टरांच्या हातून. गुरांचं इंजेक्शन १ टक्का, म्हणजे मिलित १० मिलिग्रॅम. ते ५० किलोच्या वासराच्या हिशेबाचं, ५ किलोच्या पॉमला थेंबाची चूक महागात पडते. शिवाय कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एका जनुकातल्या बदलामुळे हे औषध मेंदूत शिरतं : बाहुल्या मोठ्या, तोल जाणं, आंधळेपणा, बेशुद्धी. संकर कुत्र्यात असा वारसा आहे की नाही हे चेहरा बघून कळत नाही.

आज खरूज, डेमोडेक्स, पिसवा, गोचीड या चारही गोष्टींवर चालणारा गट म्हणजे चघळायच्या गोळ्या : अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्याला, फ्लुरालॅनर १२ आठवड्यांनी. फ्लुरालॅनर जेवणाबरोबर द्या, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. गोचीड चावल्याशिवाय मरत नाही, त्यामुळे गोळीनंतरही अंगावर चिकटलेली मेलेली गोचीड सापडेल. ती अपयशाची खूण नाही. ज्या कुत्र्याला कधी फिट आली आहे त्याच्या मालकाने डॉक्टरांना ते आधी सांगावं. या गटाने काही कुत्र्यांत झटके, थरथर आणि तोल जाणं दिसल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये दिला होता. बहुतेकांना काही होत नाही, पण सांगणं महत्त्वाचं.

गोधडी

वास आणि कानांबद्दल कुणीच लिहिलं नाही. पावसाळ्यात कुत्र्याला आंबूस, जुनाट तेलासारखा वास येतो, आंघोळीनंतर दोन दिवसांत परत येतो, पोट-जांघेची कातडी काळी-जाड-तेलकट होते, पंजांचे केस चाटून लालसर पडतात, तर यीस्ट. पुळ्या, पिवळ्या टोकाचे फोड, नंतर कडेला गोल पापुद्रा सुटलेले चट्टे, तर जिवाणू. हेच ते 'नायटा' समजले जाणारे गोल. दोन्ही एकत्रही असतात. डॉक्टरांनी चिकटपट्टी लावून स्लाइड बघितली की पाच मिनिटांत कळतं. त्यांनी नाही केली तर तुम्ही विचारा.

शाम्पू : २ टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) आणि २ टक्के मायकोनॅझोल (बुरशीनाशक), आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. पण फेस करून लगेच धुतला तर पैसे गटारात. लावल्यावर १० मिनिटं अंगावर राहू द्यायचा, घड्याळ लावून. आधी कोमट पाण्याने अंग पूर्ण भिजवा, शाम्पू मगभर पाण्यात मिसळून ओता म्हणजे कातडीपर्यंत पोचतो, दुखऱ्या जागेपासून सुरुवात करा. तेवढा वेळ पोळीचे तुकडे हातात ठेवा. धुताना बगल-जांघेत साबण राहू देऊ नका, राहिलेला साबणही खाज आणतो. मग टॉवेलने टिपा, घासू नका. ड्रायर गार हवेवर, बोटांमध्ये फडकं. दाट केसांचा लॅब्राडोर वरून वाळलेला दिसतो पण मुळाशी ओला असतो, आणि तिथेच एका रात्रीत हातभर ओला चट्टा उठतो.

त्या चट्ट्याचं : भोवतीचे केस दोन बोटं रुंदीपर्यंत ट्रिमरने काढा, क्लोरहेक्सिडिनने दिवसातून दोनदा टिपा, गळ्यात कोन. पावडर आणि घट्ट मलम नको, खाली पू कोंडतो. कोन न घालता केलेला कुठलाही उपाय कुत्रा रात्रीत चाटून टाकतो.

कानात कापसाची काडी घालू नका. कुत्र्याचा कान आत जाऊन वळतो, काडीने मळ वळणापलीकडे ढकलला जातो. कानाचं क्लीनर भरा, बुडाशी अर्धा मिनिट चोळा, कुत्र्याला डोकं झाडू द्या, बाहेर आलेलं पुसा. डोकं तिरकं धरत असेल किंवा हात लावू देत नसेल तर घरी काही घालू नका, पडदा फाटलेला असू शकतो.

माणसांचे शाम्पू आपल्या कातडीच्या आम्लतेला धरून केलेले असतात, कुत्र्याची कातडी उदासीनतेच्या (ना आम्ल, ना अल्कली) जवळ. मेडिकलमधली चार औषधं एकत्र असलेली गोरी-गुलाबी ट्यूबही नको. तिच्यातल्या स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी पसरते.

वऱ्हाडपाणी

@गोधडी, स्टेरॉइडवरून : 'खाजेचं इंजेक्शन' घेऊन या म्हणणारे पुष्कळ. दोन दिवसांत कुत्रा शांत होतो, म्हणून घरच्यांना आवडतं. महिन्याने खाज परत, पुन्हा इंजेक्शन. भूक-तहान वाढते, लघवी वाढते, पोट सुटतं, आणि आत डेमोडेक्स असेल तर तो अंगभर होतो. स्टेरॉइड वाईट नाही, पण निदानाच्या जागी ते वापरलं जातं. कुठलं इंजेक्शन दिलं त्याचं नाव फाइलवर लिहून मागा. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सांगण्याने टप्प्याटप्प्याने.

सुपारीफूल

गोचीड तापाची लक्षणं धाग्यात हवीत. जेवण टाकलं, १०३.५-१०४ च्या पुढे ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, लघवी चहाच्या रंगाची. यातलं काही दिसलं तर त्या दिवशीच रक्ततपासणी : पेशी, प्लेटलेट आणि स्लाइड. अर्लिकिया (गोचिडातून येणारा जिवाणू) असेल तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि तिथेच लोक थांबवतात. ती गोळी जेवणाबरोबर आणि नंतर पाणी पाजून, नाहीतर अन्ननलिकेत जळते. बॅबेसियाला (गोचिडातूनच येणारा, तांबड्या पेशींतला परजीवी) वेगळी औषधं लागतात, म्हणून 'गोचीड ताप आहे, डॉक्सी द्या' असं फोनवर ठरवू नका. अंगावर आज गोचीड नसणं हा पुरावा नाही, ती चावून कधीच उतरलेली असू शकते.

परसदार

सिंधुदुर्गात माकडताप येतो तो याच गोचिडांनी का? दोडामार्गकडे काजूच्या बागेत कुत्रे सोबत असतात.

सुपारीफूल

@परसदार, नाही. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप मुख्यतः जंगलातल्या वेगळ्या गोचिडांमुळे होतो. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून रुग्ण आहेत, पलीकडे गोव्यात सत्तरीत २०१५ पासून. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. घरातली कुत्र्याची तपकिरी गोचीड त्यासाठी जबाबदार नाही. पण बागेत फिरलेला कुत्रा रानातली गोचीड अंगावर घेऊन ओसरीवर येऊ शकतो. त्या महिन्यांत कुत्र्याला गोळी चुकवू नका, बागेतून आल्यावर बाहेरच फणी फिरवा, आणि माणसांनी पायमोज्यात पँट खोचून, आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीड दूर ठेवणारं तेल लावून जावं.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून : इथे लाइम रोगाची हरणावरची गोचीड थंडीतही हलते. ४ अंशांच्या वर पारा गेला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही चढते. भारतातून कुत्रा घेऊन येणाऱ्यांनी 'थंडी आली, औषध बंद' करू नये. कुत्र्यांसाठी लाइमची लस इथे मिळते, डॉक्टरांना विचारा.

उंबरठा

शेवटचे दोन प्रश्न. रस्त्यावरच्या कुत्रीची पाच आठवड्यांची पिल्लं आणलीत, पिसवांनी भरलीत. गोळी देता येत नाही ना? आणि मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन लहान कुत्र्यांना दिली तर? खर्च निम्मा होतो.

माळरान

पिल्लांना या गोळ्या नाहीत, बहुतेक आठ आठवड्यांनंतर आणि ठरावीक वजनाच्या वर. फिप्रोनिलचा स्प्रे मात्र दोन दिवसांच्या पिल्लालाही चालतो, वर तिठांनी दिलेल्या प्रमाणात, डॉक्टरांना विचारून. आधी हिरड्या बघा. पांढऱ्या असतील तर पिसवांनी रक्त ओढलंय, आंघोळीच्या भानगडीत न पडता दवाखाना. हिरड्या गुलाबी असतील तर दुपारच्या उन्हाच्या वेळी कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू. आधी मानेभोवती फेसाची कडी करा, नाहीतर सगळ्या पिसवा पळून कान-डोळ्यांकडे जातात. मग फणी, आणि लगेच उबदार कोरडं. पिल्लं पटकन गारठतात. आईलाही सापडली तर औषध द्या, नाहीतर पिल्लं रोज नव्याने भरतील. कृमीचं औषध देताना पिसवांचा उल्लेख करा : पिसू गिळली की फीतकृमी होतो. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे वळवळणारे तुकडे दिसले तर तोच. त्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते, नुसत्या साध्या जंताच्या औषधाने जात नाही.

गोळी अर्धी करू नका. चघळायच्या गोळीत औषध दोन्ही अर्ध्यांत सारखं उतरेल याची खात्री कंपनी देत नाही. एका कुत्र्याला कमी पडतं आणि पिसवा टिकतात, दुसऱ्याला जास्त. वजन अंदाजाने धरू नका : कुत्रा उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे, दोन्हींची वजाबाकी. १०.२ किलो भरला तर १० पर्यंतची नाही, वरच्या गटाची घ्यायची. खर्च वाचवायचाच असेल तर १२ आठवड्यांवाल्या गोळीची किंमत तीनने भागून महिन्याच्या गोळीशी ताडून बघा, आपल्या कुत्र्याच्या वजनाच्या गटात कुठली स्वस्त पडते ते दुकानागणिक बदलतं.

आणि खाण्याच्या अ‍ॅलर्जीची तपासणी करणार असाल, म्हणजे आठ आठवडे आजवर न खाल्लेलं एकच मांस आणि एकच पिष्ट, तर त्या काळात चवीची गोळी, बिस्किट, चहात बुडवलेली पोळी सगळं बंद. चवीची गोळी त्यात मोडते हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेवढे दोन महिने मानेवरचे थेंब वापरा. पिसवा आटोक्यात आणल्याशिवाय ही तपासणी सुरूच करू नका, खाज कशाने कमी झाली ते कळणार नाही.